दगडांच्या आळ्यातला कडुनिंब

पुण्यात चालायला बरी जागा शोधणं आणि मुलीसाठी स्थळ शोधणं, दोन्ही सारखंच. लांबून सगळी चांगली दिसतात, जवळ गेलं की काहीतरी निघतंच. सुरुची बेहेरेला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. हा गुण पुण्यात जन्मापासूनच अंगी असतो, त्यामुळे नोकरीत तिचं छान चाललं होतं.

चालायचा विषय निघाला तो डॉक्टरांमुळे. ते आले होते तिच्या वडिलांना, दीनानाथांना तपासायला. जानेवारीत दीनानाथांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सुरुचीने हिंजवडीचा फ्लॅट बंद केला, घरून काम करायची परवानगी मिळवली आणि ती गोखलेनगरच्या जुन्या घरी येऊन राहिली. दिवसभर खुर्ची आणि रात्रभर जाग. एकदा औषध आणायला ती खाली गेली आणि जिना चढून येईपर्यंत धापा टाकायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पेशंट नक्की कोण, ते आधी ठरवा. रोज चालायला जा."

मग शोध सुरू झाला. जवळच्या एका बागेच्या दारावर पाटी होती : ‘बागेत पळू नये. पळायचे असल्यास बाहेर पळावे.’ आतला गोल एवढासा, की समोरून येणारे तेच काका पुन्हा पुन्हा भेटत. पहिल्यांदा हसायचं, दुसऱ्यांदा मान हलवायची, पण त्यानंतर चेहऱ्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. कालव्याच्या कडेची वाट सावलीची होती, पण तिथे पाठीमागून स्कूटर यायच्या आणि वर आपल्यालाच बाजूला व्हायला सांगायच्या. विद्यापीठातले रस्ते सुंदर, मोठमोठ्या वडांखालून जाणारे. पण चालायला जायचं म्हणून गाडी काढायची, हे काही तिच्या बुद्धीला पटेना.

राहता राहिली वेताळ टेकडी, आणि ती तर घरामागेच होती. सुरुची तिकडे मुद्दामच जात नव्हती. टेकडी बाबांची होती.

ती लहान असताना बाबा तिला अंधारातच उठवून वर न्यायचे. थंडीत वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांना चिकटायची, झुडपांतून मोर ओरडायचे आणि माथ्यावर पोचलं की खाली सगळं पुणं धुक्यात बुडालेलं असायचं. बाबा बोटाने दाखवायचे. "ती पर्वती. तो सिंहगड. आणि ते आपलं घर, तू मोरीतला दिवा चालू ठेवून आलीस ते." उतरल्यावर अमृततुल्यात तिला क्रीमरोल मिळायचा. कौतुक मात्र कधी मिळालं नाही. शाळेत पहिली आली तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "बाकीच्या आजारी होत्या का?" तेव्हा ती रुसून बसली होती. आता ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून तिने काहीही दिलं असतं.

लग्न, नोकरी, मग लग्न मोडणं, या सगळ्यात टेकडी सुटली. बाबांची सुटली नाही. ते आणि त्यांची मंडळी रोज उजाडायच्या आत वर जात. त्या मंडळींची एक रीत होती. कुणी निवृत्त झालं की बाकीच्यांनी टेकडीवर खड्डा खणून त्याच्या नावाचं झाड लावायचं. तिथून पुढे ज्याचं झाड त्याने घरून पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन जायचं, आणि पाणी घालताना नाव घेऊन हाक मारायची. "दीनानाथ, घ्या पाणी," असं बाबा स्वतःलाच म्हणत. आई असेपर्यंत यावरून त्यांना टोचायची, "घरात बायकोला कधी पाणी विचारलं नाही." झाडाला पाटी लावायची नाही, हाही नियम होता. पाटी कशाला, झाड काय वकील आहे का, असं मंडळींचं म्हणणं.

झटक्यानंतर दीनानाथांजवळ एकच शब्द उरला होता. ‘पाणी.’ पेला पुढे केला की ते तो डाव्या हाताने ढकलून देत. सुरुची रडकुंडीला यायची. एका सकाळी त्यांनी खिडकीबाहेर, टेकडीकडे बघत तो शब्द म्हटला आणि तिच्या डोक्यात उजेड पडला.

"झाडाला? झाडाला पाणी घालू, बाबा?"

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं आणि कानापर्यंत गेलं.

बाबांना सांभाळायला अपेक्षा नावाची मुलगी यायची, मुळशीकडची. ती साडेसातला आली की सुरुचीला निघता येई. तोवर मंडळी टेकडी उतरून चहा पिऊन घरी पोचलेली असत. त्यामुळे वर विचारायला कुणी नव्हतं. खाली कुणाला तरी फोन करता आला असता, पण मग दीनानाथांच्या मुलीला दीनानाथांचं झाड माहीत नाही, ही बातमी गोखलेनगरभर झाली असती. पुण्यातला माणूस हरवेल, पण पत्ता विचारणार नाही. झाड कडुनिंबाचं आहे एवढं तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर शोधून काढू असं तिने ठरवलं.

खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर, दगडी भिंतीपाशी, ते तिला सापडलं. भोवती दगडांचं आळं, अगदी नीट रचलेलं. घरी कढीपत्त्याभोवतीही बाबांनी असंच आळं केलं होतं. झाड जवळजवळ वाळलेलं, शेंड्याला पिवळी पडलेली चार पानं. महिनाभर पाणी नसल्यावर दुसरं काय होणार, असं तिला वाटलं आणि भडभडून आलं. तिने कॅन उपडा केला. माती कितीतरी वेळ नुसतं पाणी पीत राहिली.

"बाबा, घ्या पाणी," सुरुची म्हणाली.

मग रोजच जाणं सुरू झालं. चालायला याहून चांगली जागा पुण्यात नाही, हे तिने मनोमन कबूल केलं. सकाळचं तांबूस ऊन, गिरिपुष्पाच्या झाडांवर वाळलेल्या शेंगांची खडखड, खाली शहराची घरघर. कॅनने खांदा दुखायचा, पण धाप लागायची थांबली. पंधरवडा झाला नसेल, तोच कडुनिंबाला बुंध्यापासून लालसर कोंब फुटले.

आणि त्याच सुमारास दीनानाथांच्या तोंडून दुसरा शब्द आला. अपेक्षा त्यांना पेज भरवत होती. चमचा तोंडातून निघाल्यावर ते स्पष्ट म्हणाले, "आभारी आहे."

सुरुची धावत आली. अपेक्षाच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरांना फोन केला, घरी शिरा केला. बाबांनी आजवर कधी कुणाचे आभार मानल्याचं आपल्याला आठवत नाही, हे रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं. पण झटक्यातून उठलेल्या माणसाच्या शब्दात खोट काढायला तीसुद्धा धजली नाही.

झाड वाढत होतं आणि बाबा सुधारत होते. ते बसायला लागले, काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. उजवा हात पूर्वीसारखा हलू लागला, तरी घास मात्र डाव्या हातानेच घ्यायचे. सवय लागली असेल. खोलीत शिरताना दिव्याचं बटण ते दाराच्या भलत्याच बाजूला चाचपायचे. विसर पडला असेल. दुपारी पडल्या पडल्या ते काहीतरी गुणगुणत. बाबांना सूर नव्हता आणि ते अभिमानाने तसं सांगत, पण हे गुणगुणणं अगदी सुरात होतं.

"ताई, आजोबा लई गोड झालेत बघा," अपेक्षा म्हणाली. "खुर्चीत बसायच्या आधी मला विचारत्यात, बसू का म्हणून."

सुरुचीनेही ते पाहिलं होतं. खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखे बसायचे. सकाळी चादरीची घडी घालून उशीवर ठेवायचे. एकदा तिने पिठलं केलं, तर म्हणाले, "फार छान झालंय." चाळीस वर्षांत हे तिला पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि रडली. आनंद झाला होता, यात शंका नव्हती. पण पिठल्यात मीठ पडलं नव्हतं, आणि तिचे बाबा ते सांगितल्याशिवाय राहिले नसते.

डॉक्टरांना तिने हे चाचरत सांगितलं. ते म्हणाले, "मेंदूच्या आजारात स्वभाव बदलतो. बहुतेक जण चिडके होतात, तुमचे गोड झाले. तक्रार नक्की कसली आहे?"

मग एका संध्याकाळी दीनानाथ बैठकीच्या खोलीत आईच्या फोटोपुढे उभे असलेले तिला दिसले. बराच वेळ ते हात मागे बांधून, दुसऱ्याच्या घरातला फोटो बघावा तसे बघत होते.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"आई," सुरुची म्हणाली.

"अच्छा," ते सौजन्याने म्हणाले. "कुणाची?"

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाला पाणी घालत असताना तिच्या मागे काठी वाजली. चंद्रभागाबाई होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, बाबांच्या मंडळींतल्या, सुरुचीला लहानपणापासून ओळखणाऱ्या. गुडघ्यामुळे त्या हल्ली उशिरा, एकट्याच चढायच्या.

"अगं, हे काय करतेस?"

"पाणी घालतेय, काकू. बाबांच्या झाडाला."

चंद्रभागाबाई काठी टेकून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं. हिरवंगार झालं होतं ते, सावली पडेल इतकं.

"हे दीनानाथांचं झाड नाही," त्या म्हणाल्या. "हे सीतारामांचं."

"कोण सीताराम?"

"होते एक. जाऊन दोन वर्षं झाली. एकटे राहायचे, घरी कुणी वाट बघणारं नव्हतं. गरीब माणूस. डावखुरे होते. सारखे काहीतरी गुणगुणायचे. कुणी नुसता पाण्याचा घोट दिला तरी तीनदा आभार मानायचे." बाईंनी पदराने मान पुसली. "गेलेल्याच्या झाडाला तेराव्यापर्यंत सगळ्यांनी पाणी घालायचं, मग थांबायचं. जगलं तर आपलं आपण जगतं. अशी आमची रीत."

"का पण?"

"का म्हणजे? गेलेल्याला कुणी रोज हाक मारतं का? त्याला सुटायला नको?" त्या थांबल्या. "तू हाक कुणाच्या नावाने मारत होतीस?"

"नाव नाही घेतलं. नुसतं ‘बाबा’ म्हणून," सुरुची म्हणाली.

"मला विचारायचंस तरी," चंद्रभागाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगी रोज कॅन घेऊन वर जाते असं कळलं, म्हणून आम्ही दीनानाथांचं पाणी थांबवलं. म्हटलं, आता तिचं ती बघेल."

बाबांचं झाड भिंतीच्या पलीकडच्या उतारावर होतं. त्याला आळं नव्हतंच. फांद्या काळ्या पडल्या होत्या, एक पान नव्हतं. सुरुचीने नखाने साल खरवडली. आत, अगदी आत, सुतासारखी हिरवी रेघ होती.

तिच्या कॅनच्या तळाशी उरलेलं सगळं पाणी तिने तिथे ओतलं. "बाबा," ती म्हणाली.

ती तपासणारी बाई होती. गोष्ट एकदा घडली तर योगायोग, पुन्हा घडवून दाखवता आली तर खरी, असं ती रोज हाताखालच्या मुलांना शिकवायची. तिने ठरवलं, सीतारामांच्या झाडाचं पाणी बंद. सगळा कॅन बाबांच्या झाडाला. घरातला माणूस पुन्हा अंथरुणाला खिळला तरी चालेल, मुका झाला तरी चालेल, पण तो आपला असू दे. घरातल्या त्या गोड, भल्या म्हाताऱ्याने खरं तर तिचं काहीच वाईट केलं नव्हतं.

एप्रिल संपला. टेकडी करपून गेली. बाबांचं झाड रोज कॅनभर पाणी पीत होतं आणि त्याला एक कोंब फुटत नव्हता.

भिंतीपाशी सीतारामांचा कडुनिंब मात्र तसाच तजेलदार होता. तिने आळ्यात हात घातला.

माती ओली होती.

दुसऱ्या दिवशीही ओली होती. तिने चंद्रभागाबाईंना फोन केला. मंडळींपैकी कुणी घालतंय का?

"वेड लागलंय का तुला?" त्या म्हणाल्या. "कोण घालेल?"

घरी दीनानाथ काठी टेकत हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचे. जिना इतक्यात नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जेवताना सुरुची आता त्यांच्याकडे बघायचं टाळायची. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण ते जेवण झाल्यावर आपलं ताट आपणच उचलून ठेवायला लागले.

मग एका पहाटे तिला जाग आली. घरात नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. मोरीतला नळ कुणीतरी नीट बंद केला नव्हता.

बाबांच्या पलंगावर चादरीची घडी होती. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

बाहेरचं दार उघडं होतं. कोपऱ्यातला कॅन जागेवर नव्हता.

ती चप्पल न घालताच जिन्याकडे धावली. बाहेर नुकतं फटफटत होतं आणि टेकडीवर मोर ओरडत होते.

खालून पावलं येत होती. सावकाश, पण न अडखळता. सोबत ते गुणगुणणं.

वळणावर ते दिसले. पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटलेली, चपलांना तांबडी माती. डाव्या हातात रिकामा कॅन. तिला पाहून ते कडेला झाले, जिन्यात शेजारी भेटला की आपण होतो तसे, आणि ओशाळं हसले.

"बाबा," ती म्हणाली.

"तुमची फार ओढाताण होत होती," ते म्हणाले. "दोन दोन झाडं. म्हणून म्हटलं, आता पाय चालतायत, तर माझं मी घालत जाईन. तुम्ही तुमच्या वडिलांचं बघा."

त्यांनी कॅन तिच्या हातात दिला. कडी अजून ओली होती.

"लवकर जा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बराच वेळ हाका मारतायत ते तुम्हाला. मी म्हटलं त्यांना, येईल हो ती. पण ऐकेनात."

मग बाबांच्या पावलांनी ते वर गेले. सुरुची कॅन धरून वळणावर उभी होती. तिला दार लोटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आतून कडी लावल्याचा.